पेन्सिलची नोंद, शाईची नोंद

(हा भागाचा लेखी उतारा आहे. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग हिंगण्यातून, आमच्या घराच्या वरच्या खोलीतून रेकॉर्ड करतोय. मागं अधूनमधून ट्रकचा आवाज येईल. एमआयडीसी जवळच आहे, त्याला इलाज नाही.

आज इतिहास सांगायचाय, पण राजा-महाराजांचा नाही, एका प्रश्नाचा. प्रश्न असा की वही एकच आहे. काहींना ती वाचायचीय, काहींना त्यात लिहायचंय, आणि सगळ्यांना आत्ताच पाहिजे. मग करायचं काय? तुमच्या हातातल्या फोनमध्ये हा प्रश्न दर सेकंदाला कुठं ना कुठं उभा राहतो आणि सुटतो. कधीकधी सुटत नाही. माझ्याकडून सुटला नव्हता, म्हणून तर आजचा भाग.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हिंगणा तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्र आहे. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. त्यांना मी एक छोटं अ‍ॅप करून दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ दूध आलं की लिटर, फॅट, एसएनएफ टाकायचं, दर आपोआप निघणार, दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल तयार. नोंदी फोनमध्येच राहायच्या आणि ठरावीक वेळी नेटवरून हिशेबाच्या कॉम्प्युटरला जायच्या. तीन-चार महिने सगळं झकास चाललं. मी मित्रांना स्क्रीनशॉट पाठवत होतो.

मग एक दिवस एक मावशी थेट आमच्या घरी आली. तिच्याकडं दोन म्हशी. हातात दुधाचं कार्ड, म्हणजे पुठ्ठ्याची ती घडी, तारखांचे रकाने असलेली. बिलात तिच्या चार सकाळच्या नोंदी नव्हत्या. साडेसतरा लिटर. पाचशेच्या वर रुपये. केंद्रावरच्या पोरानं तिला फोन दाखवून सांगितलं होतं, फोनमध्ये नाही तर नाही. ती मला म्हणाली, "बाबू, तुह्या फोननं माहं दूध पेलं काय?"

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हिनंच कार्डावर चुकीचं लिहिलं असेल. मशीन कशाला चुकेल? तोंडावर बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असणार.

बाजूच्या खाटेवर आबाजी बसले होते. आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. १९६९ मध्ये पटवारी म्हणून लागले, २००५ मध्ये निवृत्त झाले. कागदावर हुद्दा तलाठी, पण आपल्याकडं विदर्भात पटवारीच म्हणतात. त्यांनी कार्ड मागून घेतलं, चष्मा लावला, दोन्ही बाजू पाहिल्या. म्हणाले, "हे एका दिवशी बसून लिहिलेलं नाही. तीन पेन बदलले. ह्या रकान्यावर दुधाचा थेंब सुकला, त्याच्यावरून लिहिलं. हे रोजच्या रोज लिहिलेलं हाय." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "तुह्या फोनातली वही कोण लिहिते?"

मी म्हटलं, केंद्रावरचा पोरगा.

"एकटाच?"

हो म्हणालो, आणि म्हणताक्षणी पोटात गोळा आला. कारण एकटाच नव्हता. साडेसहा वाजता अ‍ॅप स्वतःच, मागच्या मागे, त्याच वहीत लिहायला बसत होतं.

थांबा, तिथं परत येऊ. आधी आबाजींची वही.

नागपूरचा भाग १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केला, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. इथं मालगुजारी होती. गावचा सारा मालगुजार भरणार, आणि कुणाच्या ताब्यात कोणता तुकडा, कोणतं पीक, हे पटवारी लिहिणार. खसरा, जमाबंदी हे शब्द तिथले. आजही नागपूरच्या जमिनीच्या कागदावर मौजा, खसरा नंबर आणि प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर दिसतो, तो त्या काळाचा मागमूस. मालगुजारी १९५१ मध्ये गेली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. आबाजी नोकरीला लागले तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती.

सातबारा सगळ्यांनी पाहिलाय. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक कोणतं. दोन्ही एका कागदावर, म्हणून सातबारा. पण आबाजींच्या मते खरी अक्कल सातबाऱ्यात नाही, नमुना सहामध्ये आहे. नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही.

समजा तुम्ही जमीन विकत घेतली. तर पटवारी उठून सातबाऱ्यावरचं जुनं नाव खोडून तुमचं नाव टाकत नाही. त्याला ती मुभाच नाही. तो आधी फेरफार रजिस्टर उघडतो आणि शेवटच्या नोंदीच्या खाली नवा क्रमांक घालून लिहितो: अमुकनं तमुकला अमुक खसऱ्यातली जमीन दिली. रजिस्टरमध्ये मधे घुसवता येत नाही, फक्त खाली वाढवता येतं. मग संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्तांच्या वेगळ्या नोंदवहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी, म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेत आरआय साहेब, कागद तपासून नोंद प्रमाणित करतात. आणि तेव्हा कुठं सातबाऱ्यावर अंमल होतो.

या मधल्या दिवसांत सातबाऱ्यावर काय असतं? जुनंच नाव, शाईत. आणि बाजूला नव्या फेरफाराचा क्रमांक, पेन्सिलनं.

आबाजींचं वाक्य मला पाठ आहे. "शाई साहेबाची, पेन्सिल माही."

आता यात गंमत बघा. त्या पंधरा दिवसांत कुणी कर्जासाठी उतारा मागायला आला, तर पटवारी त्याला "काम चालू आहे, पंधरा दिवसांनी या" असं म्हणत नाही. उतारा मिळतो. तो जुना असतो, पण पूर्ण असतो. अर्धं नाव जुनं, अर्धं नवं असा सातबारा कुणाच्या हाती पडत नाही. वाचणारा थांबत नाही, लिहिणाराही थांबत नाही. दोघं वेगवेगळ्या वह्यांत असतात ना.

आणि प्रमाणित झाल्यावरसुद्धा जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक गोल करून लिहितात. म्हणजे कुणी विचारलं की हे नाव कुठून आलं, तर गोलातला आकडा बघायचा, रजिस्टर उघडायचं. कंसांची गर्दी फार झाली की, साधारण दहा वर्षांनी, सगळं पुस्तक नव्यानं लिहून काढायचे. चालू नावं नव्या कागदावर, कंसातली मागं सोडून. "त्या दिवसांत जेवाले फुरसत नसे," आबाजी सांगतात. चुकाही तेव्हाच जास्त व्हायच्या.

फार गोडवे गातोय असं वाटत असेल, तर एक सांगून टाकतो. या पद्धतीत भोकं होती. नोंद प्रमाणित व्हायला पंधरा दिवसांच्या जागी काय काय लागायचं, ते ज्यांच्या घरी वारसाची नोंद लटकली असेल त्यांना विचारा. आणि पेन्सिल खोडरबरानं जाते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आता हिंगण्यातून एकदम बाहेर जाऊ. १९७१. आबाजी बस्ता बांधून सायकलवर गावं फिरत होते त्याच काळात तिकडं युरोप-अमेरिकेत कॉम्प्युटरवाले याच प्रश्नाशी झटापट करत होते. त्या वर्षी कुर्तुआ, हेमान्स आणि पार्नास या तिघांनी एक छोटा शोधनिबंध छापला, वाचणारे आणि लिहिणारे यांच्याबद्दल. कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्या प्रत्येकाला तो प्रश्न आजही परीक्षेला येतो. वाचणारे कितीही एकत्र आले तर बिघडत नाही. लिहिणारा मात्र एकटा पाहिजे, आणि तो लिहीत असताना कुणी वाचायचं नाही.

सोपं वाटतं ना? त्यांनी दोन उत्तरं दिली आणि दोन्हींत खोट होती. पहिल्यात वाचणाऱ्याला मान. एक वाचत असताना दुसरा आला तर त्यालाही आत घ्या. मग वाचणारे येतच राहिले तर लिहिणारा दारात उभा तो उभाच. दुसऱ्यात लिहिणाऱ्याला मान. तो आला की नव्या वाचणाऱ्यांना थांबवा. मग लिहिणारे येत राहिले की वाचणारे उपाशी. कुणीतरी ताटकळणारच, कारण वही एक आणि कुलूप एक.

आपल्याकडं याचं जिवंत उदाहरण होतं. रेल्वेचं आरक्षण कॉम्प्युटरवर येण्याआधी प्रत्येक गाडीचं कागदी रजिस्टर असायचं. रजिस्टर ज्या खिडकीवर, त्या गाडीचं तिकीट त्याच खिडकीवर. बाजूची खिडकी रिकामी असली तरी उपयोग नाही. त्या रांगांत तुमच्या आई-बाबांचे तास गेले असतील, विचारून बघा. रजिस्टर हेच कुलूप होतं.

मग सॅन होजेला आयबीएममध्ये जिम ग्रे आणि त्याचे सहकारी कामाला लागले. १९७५-७६ च्या आसपास त्यांनी दोन गोष्टी नीट मांडल्या. एक, कुलूप केवढ्याला लावायचं? सगळ्या वहीला, एका पानाला, की एका ओळीला? ओळीला लावलं तर बाकीच्यांची कामं चालू राहतात, पण मग हजारो कुलपं सांभाळा. दोन, एखाद्या व्यवहारात अनेक कुलपं लागत असतील तर ती कोणत्या शिस्तीत लावायची आणि सोडायची, म्हणजे शेवटी हिशेब असा निघेल की जणू सगळे एकामागून एक आले होते. याच कामाची परंपरा आज बँकांत आणि तिकिटांच्या सर्व्हरवर चालते. ग्रेला १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. २००७ च्या जानेवारीत तो एकटा आपली शिडाची बोट घेऊन समुद्रात गेला आणि परत आलाच नाही. सॅटेलाइटचे फोटो तपासून लोकांनी शोध घेतला, काही सापडलं नाही. विषयाला सोडून आहे, पण हे सांगितल्याशिवाय त्याचं नाव पुढं नेववत नाही.

कुलपाला पर्याय सुचवणाऱ्यांपैकी एक एमआयटीचा डेव्हिड रीड. १९७८ च्या त्याच्या प्रबंधात कल्पना अशी की जुनं खोडूच नका. प्रत्येक बदलाची नवी आवृत्ती करा. वाचणारा आला की तो आला त्या वेळची आवृत्ती त्याला द्या. त्याला लिहिणाऱ्याशी घेणंदेणं नाही.

ओळखलं? हे आबाजींचं कंसातलं नाव आहे.

रीडनं सातबारा पाहिला असेल असं मी मुळीच म्हणत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तसलं काही फिरलं तर माझं नाव घेऊ नका. अनेक लोकांनी एकच वही वापरायची म्हटली की अकलेचे रस्ते थोडेच असतात, आणि वेगवेगळी माणसं त्याच रस्त्यानं जातात, एवढंच.

आता फोनकडं येऊ. तुमच्या फोनमधली बरीच अ‍ॅप्स आपला डेटा एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. तो रिचर्ड हिप यानं २००० साली बनवला. तो तेव्हा अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेवरच्या सॉफ्टवेअरचं काम करत होता. तिथं डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की सगळा प्रोग्राम ठप्प व्हायचा. त्यानं म्हटलं, सर्व्हर पाहिजेच कशाला? एक फाइल ठेवू, प्रोग्राम स्वतःच ती उघडेल. ही फाइल आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. अँड्रॉइडमध्येही, आयफोनमध्येही.

पण एक फाइल म्हणजे परत रेल्वेचं रजिस्टर! सुरुवातीची पद्धत अशी होती. लिहायचं असेल तर मूळ पानाची प्रत आधी बाजूच्या फाइलमध्ये काढून ठेवायची आणि मग मूळ वहीतच खाडाखोड करायची. मधेच बॅटरी गेली तर प्रतीवरून जुनं परत आणायचं. डेटा सुरक्षित, पण मूळ वहीत लिहिलं जात असताना वाचणाऱ्यांना बाहेर थांबावं लागायचं.

२०१० च्या जुलैमध्ये एसक्यूलाइटची ३.७.० आवृत्ती आली आणि तिच्यात डब्ल्यूएएल नावाची सोय आली. अर्थ असा की लेखाची नोंद आधी, मूळ वहीत नंतर. मोठ्या डेटाबेसांत ही कल्पना आधीपासून होती, फोनच्या चिमुकल्या फाइलला ती आता मिळाली. मूळ फाइलला हात लावायचा नाही. बदल वेगळ्या फाइलच्या शेवटी वाढवत जायचे. बदल पूर्ण झाला की तिथं शिक्का पडतो. शिक्का नसलेला बदल नाहीच असं धरायचं. वाचणारा आला की तो त्या क्षणी शेवटचा शिक्का कुठं आहे ते लक्षात ठेवतो आणि तेवढंच वाचतो. त्याच्या मागून कितीही लिहिलं गेलं तरी त्याचं चित्र हलत नाही. आणि ती बाजूची फाइल हजारेक पानांची झाली की त्यातले बदल मूळ फाइलमध्ये उतरवून घेतात.

मी हे पहिल्यांदा नीट वाचलं ते त्या मावशीच्या प्रकरणानंतर, रात्री दीड वाजता. फेरफार रजिस्टर, आरआय साहेबांची सही, पुस्तकाचं पुनर्लेखन, सगळं समोर होतं. मी आबाजींना उठवणार होतो. उठवलं नाही, शिव्या पडल्या असत्या.

एक नियम मात्र इथंही राहिला. वाचणारे कितीही, लिहिणारा एका वेळी एकच. एका साझ्याला एक पटवारी.

तर आता माझी चूक. रोज सकाळी साडेसहाला माझं अ‍ॅप न पाठवलेल्या नोंदी हिशेबाच्या कॉम्प्युटरला पाठवायचं. त्यासाठी मी डेटाबेसची दुसरी वाट उघडली होती, स्वतंत्र. काम चालू करताना मी सगळ्या वहीला कुलूप लावत होतो, आणि ते कुलूप लावूनच नेटवरून अपलोड करत होतो. आमच्या घरी वायफायवर ते अर्ध्या सेकंदात व्हायचं, म्हणून मला काही दिसलंच नाही. त्या गावात टेकडीच्या आडोशाला नेटवर्कची एक काडी येते. तिथं तेच काम वीस-वीस सेकंद चालायचं. त्या वीस सेकंदांत पोरानं नोंद टाकली की फोनची सिस्टीम थोडा वेळ वाट बघायची आणि मग सांगायची, डेटाबेस कुलूपबंद आहे.

सांगायची कुणाला? मला. आणि मी ती तक्रार पकडून गप्प बसवली होती. ट्राय लिहिलं, कॅच लिहिलं, आत एक ओळ लॉगची. वर स्क्रीनवर मात्र हिरव्या अक्षरांत "नोंद झाली" असं यायचं, कारण ते वाक्य मी बटण दाबल्याबरोबर दाखवत होतो, नोंद पक्की झाल्यावर नाही.

म्हणजे पेन्सिलसुद्धा न लावता मी शाई दाखवत होतो.

मग मावशीच का? कारण ती घड्याळासारखी होती. दुसऱ्यांच्या येण्याच्या वेळा मागंपुढं व्हायच्या, ही मात्र धार काढून, चहा पिऊन, बरोबर साडेसहाला रांगेत. ज्या दिवशी नेटवर्क बरं त्या दिवशी नोंद व्हायची, ज्या दिवशी नाही त्या दिवशी गायब. तिच्या नियमितपणाची शिक्षा तिला मिळाली. लॉग काढून पाहिले तर त्या चारही सकाळी, साडेसहाच्या पुढं पंधरा-वीस सेकंदांत, तीच ओळ. लॉग मी लिहिला होता, वाचला कधीच नव्हता.

दुरुस्तीला बसलो. डब्ल्यूएएल चालू केलं, आता वाटलं झालं. पण नाही झालं. माझा अपलोड नुसता वाचत नव्हता. "पाठवलं" अशी खूण करायला तो लिहीतही होता, आणि कुलूप धरून बसला होता. लिहिणारे दोन झाले की डब्ल्यूएएलही एकाला थांबवणारच. आरआय साहेब रजिस्टर घेऊन नागपूरला गेले तर पटवारी दुसरी नोंद कशात करणार? म्हणून काम तोडलं. आधी झटकन वाचून घ्यायचं, कुलूप नाही. मग नेटवरून पाठवायचं, वीस सेकंद लागू देत की दोन मिनिटं. पोचल्याची पावती आली की झटकन खूण करायची. लिहिण्याचं काम मिलिसेकंदांत संपतं.

आणि यात मी दुसरी चूक केली, ती सांगायला जास्त लाज वाटते. खूण करताना मी लिहिलं होतं: ज्या नोंदींवर खूण नाही त्या सगळ्यांवर करा. आता विचार करा. पाठवायला घेतल्या तेव्हा नोंदी होत्या चाळीस. पाठवता पाठवता पोरानं आणखी तीन टाकल्या. खूण झाली त्रेचाळीसवर. ते तीन फोनमध्ये "पाठवलं" म्हणून बसले आणि हिशेबाला कधी पोचलेच नाहीत. यावेळी एररसुद्धा नाही. सुदैवानं हे घरीच, मुद्दाम नेट मंद करून तपासताना सापडलं. मग जे नंबर पाठवले त्याच नंबरांवर खूण, असं केलं. शिवाय प्रत्येक नोंदीला एकच पक्का क्रमांक, म्हणजे पावती वाटेत हरवली आणि नोंद दुसऱ्यांदा गेली तरी हिशेबात दूध दुप्पट होणार नाही. फेरफाराचा गोलातला आकडा, तोच.

जे अ‍ॅप बनवतात त्यांच्यासाठी आणखी एक, बाकीच्यांनी तीस सेकंद पुढं ढकला. आधी वाचून त्यावरून लिहिणार असाल, म्हणजे शिल्लक वाचली, त्यात मिळवले, परत लिहिली, तर जुन्या चित्रावर विसंबू नका. एसक्यूलाइट त्यात तुम्हाला अडवू शकतं. एका व्यवहारात वाचायला सुरुवात केली, मधे दुसऱ्यानं लिहिलं, आणि आता तुम्ही लिहायला गेलात, तर ते सरळ नाही म्हणतं. तुमचा उतारा जुना झाला, नवा आणा. पण वाचणं एका व्यवहारात आणि लिहिणं दुसऱ्यात केलंत, तर कुणी अडवणार नाही आणि मधल्याची नोंद गुपचूप पुसली जाईल. लिहायचंय हे माहीत असेल तर सुरुवातीलाच लिहिणाऱ्याची जागा मागा. पेन्सिलच्या नोंदीचं काम हेच होतं. नुसतं बघणाऱ्याला जुना सातबारा चालतो. पण जमीन विकत घेणाऱ्याला, म्हणजे ज्याच्या वाचण्यातून पुढं लिखाण होणार त्याला, पेन्सिलचा आकडा दिसलाच पाहिजे. नाहीतर एकच जमीन दोघांना विकली जाते. आणि विकल्या गेल्या आहेत, राजेहो.

आता पेन्सिल गेली. फेरफार कॉम्प्युटरवर होतो, डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळायला लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. नमुना बारा, जो आबाजी बांधावर उभं राहून लिहायचे, तो आता शेतकरी स्वतः लिहितो. शेतात उभं राहायचं, अ‍ॅपमध्ये पीक निवडायचं, फोटो काढायचा. एका साझ्याला एक लिहिणारा होता, तिथं हंगामात राज्यभरातून लाखो लिहिणारे झाले. तरी ते एकमेकांच्या वहीवर पडत नाहीत, कारण जो तो आपल्याच गट नंबरात लिहितो. जिम ग्रेचा पहिला प्रश्न आठवा, कुलूप केवढ्याला? इथं उत्तर, एका तुकड्याला. अडचण होते ती दारात, शेवटच्या तारखेला सगळेच एकदम आल्यावर. त्या दिवशी अ‍ॅप गोल गोल फिरताना आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आबाजींना मी हे अ‍ॅप दाखवलं. आमच्या तुरीचा फोटो काढून पाहणी भरली. त्यांचा पहिला प्रश्न: "चुकलं तं दुरुस्त कराले किती दिवस?" मी म्हटलं, अठ्ठेचाळीस तास. "आन् तपासते कोण?" काही नोंदी तलाठी तपासतात, म्हटलं. त्यांनी मान हलवली. बरं म्हणाले की वाईट, ते कळलं नाही.

मावशीचे पैसे मी माझ्या खिशातून त्याच संध्याकाळी दिले, आणि लॉग लावून केंद्राच्या हिशेबातही त्या चार नोंदी चढवल्या, तारखेसकट, कारण लिहून. इतर कुणाच्या गेल्या का तेही शोधलं. आणखी दोघांची एकेक नोंद सापडली. त्यांना पत्ताच नव्हता, ते कार्ड ठेवत नव्हते.

आता "नोंद झाली" तेव्हाच येतं जेव्हा नोंद खरंच झालेली असते. तोवर करड्या रंगात "लिहिणं चालू आहे" असं दिसतं. साडेसहाला नेटवर्क खराब असलं तरी ते क्षणभरच दिसतं. मावशी ते करडं हिरवं होईपर्यंत खिडकीशी उभी राहते, मग कार्डावर आकडा टाकते आणि निघते. कार्ड तिनं सोडलेलं नाही. मागच्या महिन्यात बिलात आणि कार्डात फरक निघाला, एका संध्याकाळचा. फोनमध्ये नोंद होती, कार्डावर नव्हती. ती भाचीच्या लग्नाला गेली होती, दूध पोरानं घातलं होतं. तिनं ते पेन्सिलनं लिहून घेतलं, घरी जाऊन पोराला विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी वरून पेन फिरवला.